‘सर’ म्हणतात म्हणून थांबलोय

पत्र धाराशिव जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव अर्थातच काढलं आहे, मजकूरही थोडा आटवला आहे:

“ताई, मी ३४ वर्षांचा. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी., २०१६ साली सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा), २०२१ साली पीएच.डी. सात वर्षं तालुक्याच्या एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतोय. गेल्या वर्षी २१६ तास भरले, तासाला ९०० रुपये, म्हणजे १,९४,४००. तेही दोन हप्त्यांत मिळाले. आता शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेत कायम जागा निघतेय. मध्यस्थाने ४५ लाख सांगितलेत आणि महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवा म्हणालाय. वडील म्हणतात, बोअरजवळचं तीन एकर काढू. मित्र म्हणतो, कंपनीत जा, पण पीएच.डी. लपव, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतील. उत्तर प्रदेशात शिपायाच्या ६२ जागांसाठी ३,७०० पीएच.डी.वाल्यांनी अर्ज केल्याची २०१८ सालची बातमी कुणीतरी गावच्या ग्रुपवर पुन्हा टाकली, खाली माझं नाव घालून हसायच्या इमोजी. शिकून चूक केली असं वाटतं. पण गावात, एसटी स्टँडवर, सगळे ‘सर’ म्हणतात. उद्या कंपनीत टोपी-ॲप्रन घालून राबताना कुणी पाहिलं तर? सोबत बायोडाटा आणि प्रबंधाचा सारांश जोडलाय.”

सर,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे वाचले. दुसऱ्यांदा ते एसटी स्टँडवालं वाक्य वाचलं, आणि माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे. पण तिथे जरा उशिरा जाऊ, कारण मध्यस्थाने तारीख दिलीय.

जमीन विकू नका. मोह का होतो ते मला कळतं. सहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. सात वर्षं तासाच्या हिशेबावर काढलेल्या माणसाला तो आकडा स्वप्नात दिसत असणार. पण हा व्यवहार नीट उघडून बघा. पावती मिळणार नाही. निवड समितीने तुमचं नाव निवडलं तरी पुढे विद्यापीठाची मान्यता, मग सहसंचालक कार्यालयाची. यातला एक कागद अडला, कुणी बिंदुनामावलीवर (कुठली जागा कुठल्या आरक्षणात, त्या यादीवर) हरकत घेतली, कुणी कोर्टात गेलं, की जागा लोंबकळते आणि पैसे कुणाकडे मागायचे हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी त्या कायद्याच्या लेखी लोकसेवकच असतात. ‘मला भाग पाडलं’ असं म्हणायचं असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते. मध्यस्थ हे सांगत नाही, तो ‘सगळेच देतात’ एवढंच सांगतो. आणि वडिलांच्या डोक्यात पेन्शन असेल तर त्यांना हेही सांगा की १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही.

आता एक साधं गणित. ४५ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाख १५ हजार व्याज येतं. तुमचं वर्षाचं मानधन १ लाख ९४ हजार. जमीन विकून व्याज खा असं मी मुळीच म्हणत नाहीये. तुमच्या वर्षभराच्या उभं राहून शिकवण्याला बाजारात काय भाव मिळतोय, तो एकदा डोळ्यांसमोर यावा म्हणून मांडलं. महिन्याला १६,२०० पडतात. मे महिन्यात शून्य.

तुम्ही लिहिलंय, “आणखी एक-दोन वर्षं अनुभव वाढवतो, पेपर वाढवतो, मग बघू.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली उघडते. तिच्यात महाविद्यालयांसाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं याचा शंभर गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला २५, सेटला ५. शोधनिबंध एकेक २ गुणांचा, पण कमाल ६. अध्यापनाचा अनुभव वर्षाला २, कमाल १०. म्हणजे तीन पेपर झाले की चौथ्याला शून्य, आणि पाच वर्षं झाली की सहाव्याला शून्य. तुमच्या बायोडाट्यात अकरा पेपर आहेत. त्यातले किती पैसे भरून छापलेत ते मी विचारत नाही, पण आठ पेपर या तक्त्यात कुठेच बसत नाहीत. सातवं वर्षही बसत नाही. आणि एवढं करून हे गुण फक्त बोलावण्यापुरते. पुढे निवड मुलाखतीवर, आणि ती मुलाखत काही ठिकाणी कशी होते हे तुम्ही ४५ लाखांच्या आकड्यासह मलाच कळवलंय.

थोडक्यात, थांबून तुमची किंमत वाढत नाहीये. फक्त वय वाढतंय.

जागा निघतच नाहीत असंही नाही. २०२१ साली राज्याने २,०८८ पदांना परवानगी दिली होती, पुढेही देईल. जाहिरात आली की अर्ज करा, कुठूनही करता येतो. सेटचं प्रमाणपत्र शिळं होत नाही आणि पीएच.डी.चे २५ गुण तळोज्याच्या कंपनीत बसून कमी होत नाहीत. वाट बघायची तर पोटाची सोय असलेल्या जागी बसून बघा, एवढंच माझं म्हणणं.

त्या बातमीबद्दल दोन वाक्यं. ती जागा पोलीस खात्यातल्या निरोप्याची होती, पात्रता पाचवी पास, आणि ६२ जागांसाठी ९३ हजार अर्ज होते. बातमी वाचून लोक पीएच.डी.ला हसतात, पण अर्ज करणाऱ्यांनी ‘कायम’ हा एक शब्द वाचला होता. तुम्हीही तोच शब्द वाचून तीन एकर काढायला निघालात. तेव्हा त्या ग्रुपमधून बाहेर या.

आता मित्राचा सल्ला. पीएच.डी. लपवा.

हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. माझी पीएच.डी. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातली. सहा वर्षं मीही तासांवर शिकवलं, तेव्हा तासाचा दर सांगायचीही लाज वाटावी असा होता. मग एका औषध कंपनीच्या वॉक-इनला गेले. फॉर्मवर शिक्षण ‘एम.एस्सी.’ एवढंच लिहिलं, मधली वर्षं ‘क्लासेस घेत होते’ म्हणून भरली. घेतलं त्यांनी. क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीत, शिफ्टला. मोबाईल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारा द्रावक, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची, सोनिकेटरला लावून हवा काढायची, एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुने चढवायचे, आणि रात्री अडीचला आलेखाची बेसलाइन हलायला लागली की सुपरवायझरला उठवायचं. ती का हलतेय हे मला त्याच्यापेक्षा बरं कळायचं, पण कळतं असं दाखवायची सोय नव्हती. एम.एस्सी. फ्रेशर ना मी! आठव्या महिन्यात विद्यापीठाकडून एका प्रबंधाच्या परीक्षणाचं पत्र आलं. घरी कुणी नव्हतं म्हणून पोस्टमनला शेजारच्यांनी कंपनीचा पत्ता दिला. पाकिटावर ठसठशीत ‘डॉ.’ गेटवरून ते पाकीट फिरत फिरत माझ्या साहेबांच्या टेबलावर गेलं. त्यांनी बोलावलं, मला वाटलं गेली नोकरी. ते म्हणाले, “मॅडम, आधी सांगितलं असतंत तर एडीएलला टाकलं असतं. तिथे माणूस मिळत नाही म्हणून आम्ही वर्षभर बोंबलतोय.” एडीएल म्हणजे चाचणीच्या पद्धती जिथे बसवतात तो विभाग, म्हणजे माझ्या प्रबंधाचाच विषय. आठ महिने मी त्याच्या शेजारच्या खोलीत पिपेट धुतले.

मला साहेब बरे भेटले. दुसऱ्याने खोटी माहिती दिली म्हणून घरी बसवलं असतं, आणि त्याचं काही चुकलं नसतं. शिवाय तुमच्या वेळेला तर लपवणंच शक्य नाही. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या संकेतस्थळावर, असतो, नाव टाकलं की मार्गदर्शकासकट समोर येतो. मधली पाच-सहा वर्षं कुठे गेली याला उत्तर काय देणार?

पण मित्र जे म्हणतोय त्यात एक खरी गोष्ट आहे. कंपनीवाले पीएच.डी. बघून बिचकतात. एक, हा टिकणार नाही, कॉलेजात जागा निघाली की पळेल. दोन, याला हाताने काम नको असेल, खुर्ची हवी असेल. तीन, याच्या पाच वर्षांच्या कामाचा आमच्या प्लांटला काय उपयोग? पदवी पुसून यातल्या एकाही शंकेला उत्तर मिळत नाही. उत्तर मिळतं ते पहिल्या पानावर.

तुमचं पहिलं पान माझ्यासमोर आहे. वर फोटो. मग ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, जो कुणीच कधी वाचत नाही. मग अकरा पेपर. मग तेवीस परिषदा आणि वेबिनार, त्यातले निम्मे लॉकडाउनमधले, प्रश्नमंजूषा सोडवली की मेलवर येणारं प्रमाणपत्र. मग एनएसएसचं शिबिर, परीक्षेचं भरारी पथक. हे पान महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक समितीसाठी लिहिलंय, सर. महाविद्यालयात याला किंमत आहे, तिथे ठेवाच. कंपनीच्या माणसाला यात तुम्ही दिसत नाही.

तुम्ही दिसता ते सारांशाच्या सहाव्या पानावर. तिथे एक ओळ आहे. पायराझोलच्या मालिकेतली चार संयुगं कॉलमऐवजी इथेनॉलमधून स्फटिकीकरण करून शुद्ध केली, उत्पादन थोडं घटलं, शुद्धता वाढली. तुम्ही ती ओळ सहज टाकून पुढे गेलात. मला वाटतं, त्या महिन्यात सिलिका जेल संपली होती आणि नवी मागवायला पैसे नव्हते. बरोबर ना?

ती ओळ तुमची नोकरी आहे. का ते सांगते. आपण प्रयोगशाळेत काहीही झालं की कॉलम लावतो. काचेच्या नळीत सिलिका भरली, वरून द्रावक सोडला, परीक्षानळ्या ओळीने लावल्या, कुठल्या नळीत काय उतरलंय ते बघायला टीएलसीची प्लेट यूव्हीखाली धरून ठिपके मोजले. अर्धा ग्रॅम पदार्थासाठी दोन लिटर द्रावक आणि अख्खी दुपार. प्लांटवाल्यासमोर “कॉलमने शुद्ध केलं” म्हणालात की तो गालात हसतो. पाचशे किलोच्या बॅचला कॉलम कोण लावणार? त्याला स्फटिक पाहिजेत. गाळता येतील, धुता येतील, वाळवता येतील. कुठला द्रावक, किती तापमानाला विरघळतं, किती सावकाश थंड केलं की अशुद्धी आईच्या पाण्यात राहते (स्फटिक गाळल्यावर उरणाऱ्या द्रावणाला, मदर लिकरला, आमच्या लॅबमध्ये असंच म्हणायचे, मला तो शब्द फार आवडतो), यावर त्याचा धंदा चालतो. आणि तो हे नुसतं हौसेने करत नाही. रोजचा डोस दोन ग्रॅमपर्यंतच्या औषधात एखादी अशुद्धी ०.१० टक्क्याच्या वर गेली की ती कोण आहे हे शोधून कागदावर लिहून द्यावं लागतं. तुम्ही पैसे नाहीत म्हणून जे केलंत, ते तो पगार देऊन करून घेतो.

तेव्हा असं लिहा: ‘चार संयुगांसाठी कॉलम टाळून स्फटिकीकरणाची पद्धत बसवली, पाच द्रावक तपासले, उत्पादन इतक्यावरून इतकं झालं, शुद्धता इतकी.’ खरे आकडे घाला, वहीतून काढा. अपयशाचेही घाला. मग दुसरी ओळ: एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) आपल्याकडे नसताना नमुने चंडीगडला पाठवून, तीन-तीन आठवडे थांबून काम कसं आखलं. मराठवाड्यात संशोधन केलेल्या किती जणांनी चंडीगडला कुरिअर केलंय देव जाणे! त्यात नियोजन आहे, संयम आहे, आणि ते कुठल्या सॉफ्ट स्किलच्या वेबिनारला मिळत नाही. तिसरी ओळ: सात वर्षं बी.एस्सी.च्या मुलांकडून प्रॅक्टिकल करून घेतलंत, एकही अपघात न होता. प्लांटमध्ये सेफ्टीच्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. पेपर दुसऱ्या पानाच्या तळाशी, तीन पुरेत. ‘डॉ.’ नावामागे राहू द्या, पण टाईप मोठा नको.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येईल: “ही अभिक्रिया तुम्ही अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये बर्फात ठेवून केलीत. दोन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये काय कराल?” बर्फ घालू म्हणू नका. भांडं मोठं झालं की आतल्या मालाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग कमी पडतो, उष्णता निघायला वाट राहत नाही, म्हणून अभिक्रियाकारक तासन्‌तास थेंबथेंब सोडायचा आणि जॅकेटमधून थंड ब्राइन फिरवायचं. एवढं बोललात की समोरचा पेन खाली ठेवेल. पुढचा प्रश्न “कॉलेजात जागा निघाली तर जाल का?” याला खरं उत्तर द्या. “सात वर्षं वाट पाहिली, आता पुरे” हे उत्तर मला तरी पटलं असतं.

जागा कुठे? तुम्हाला सगळ्यांत जवळ सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी. मग कुरकुंभ, छत्रपती संभाजीनगर, तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे, तारापूर. हैदराबाद विसरू नका, लातूर-धाराशिवची रसायनशास्त्राची मुलं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या जातायत, तिथल्या जीडीमेटलाच्या औद्योगिक वसाहतीत मराठी मेससुद्धा सापडेल. विभाग मागताना ‘प्रोसेस आर अँड डी’ (प्रयोगशाळेतली पद्धत प्लांटसाठी बसवणारा विभाग) मागा, क्यूसी नको. शेजारी सव्वीस वर्षांची पोरं बसतील आणि त्यातला एखादा तुमचा साहेब असेल. पहिल्या वर्षीचा पगार मनासारखा नसेल. पण बारा महिने येईल.

कंपनी नकोच वाटली तर आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. पेटंट एजंटची परीक्षा. विज्ञानाची पदवी चालते. दोन लेखी पेपर, प्रत्येकात निदान ५० टक्के, तोंडी धरून एकूण ६०. दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. काम म्हणजे कुणीतरी ‘नवं’ म्हणतंय ते जगात आधी कुठे होऊन गेलंय का हे खणून काढणं आणि दाव्याचं एकेक वाक्य घासणं. ज्याने प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी दोनशे पेपर वाचलेत त्याला हे जड नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकल्पांवरच्या जागाही निघतात. तात्पुरत्याच असतात, पण ज्या यंत्रांचे फक्त आलेख तुम्ही पाहिलेत ती तिथे हाताखाली येतात. वयाची अट आधी वाचा, ३४ म्हणजे काठावर आहात.

आता एसटी स्टँड.

तुम्हाला १६,२०० रुपये मिळतात असं आपण म्हटलं, पण ते खरं नाही. तुम्हाला १६,२०० रुपये आणि ‘सर’ मिळतं. त्यातली मोठी रक्कम दुसरी आहे. पीएच.डी. झाली तेव्हा गावात फ्लेक्स लागला असेल, शाल-श्रीफळ झालं असेल, वडिलांनी दारावर पाटी करून घेतली असेल. ते सगळं दर महिन्याला थोडं थोडं पगारात जमा होतंय, म्हणून तुम्ही सात वर्षं टिकलात. संस्थांनाही हे ठाऊक असतं. ‘सर’ हा भत्ता त्यांना फुकटात देता येतो. मी सहा वर्षं ‘मॅडम’वर काढली, म्हणून हे हक्काने लिहितेय. कंपनीत लागल्यावर माझी आई तीन वर्षं शेजारणींना सांगत होती, “ती शिकवते, जरा लांबच्या कॉलेजात.” मी दुरुस्त केलं नाही. मलाही तेच बरं वाटायचं.

त्यामुळे ‘लाज सोडा’ वगैरे मी सांगणार नाही, ती सांगून सुटत नाही. एवढंच बघा की ती हाक कोण मारतं. ज्या मुलांना तुम्ही खरोखर शिकवलंत, ती तुम्हाला चिंचोळीच्या गेटवर भेटली तरी सरच म्हणतील, आणि भेटणार आहेत, कारण बी.एस्सी. होऊन ती तिथेच लागतात. तुमच्या आधी पोचलेल्या एकाला फोन करा. तुमच्या कुठल्याही बॅचमधला असेल. “सर, तुम्ही?” असं तो एकदा म्हणेल, ते एकदाच ऐकायचं आहे. मग तो वॉक-इन कधी आहे, कुणाला भेटायचं, सगळं सांगेल. मला विचारलंत त्यापेक्षा त्याला विचारणं जास्त कामाचं.

सत्र मध्ये सोडू नका, संपवून निघा. निघताना सातही वर्षांच्या अनुभवाचं प्रमाणपत्र आणि मान्यतेच्या पत्रांच्या प्रती प्राचार्यांच्या सहीने घ्या. नंतर त्या कुणी शोधून देत नाही.

मध्यस्थाला नाही कळवायचीही गरज नाही, फोन उचलू नका, पुरे. वडिलांशी मात्र समोर बसून बोला आणि व्याजाचं गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडा. शेतकरी माणूस आहे, त्यांना ते तुमच्या-माझ्या आधी समजेल.

आणि पहिलं पान पुन्हा लिहून मला पाठवा. पाच द्रावक कुठले तपासले होते, तेही कळवा. मला खरंच उत्सुकता आहे.

– ताई